दोन तास चोवीस सेकंद

पंधरा वर्षं मी पांढुर्ण्याच्या शाळेत अ गावाहून ब गावाला गाड्या सोडत होतो. सकाळी अकराच्या तासाला निघालेली गाडी पोरांच्या पाटीवर दुपारपर्यंत पोचायची, कधी उलट्या दिशेनं जायची, एकदा तर ताशी चार हजार किलोमीटर वेगानं गेली. मी लाल शाईनं तिला थांबवली. या अ आणि ब गावांची मला चांगली ओळख झाली होती. तिथं पाऊस पडत नाही, सिग्नल पडत नाही, कुणी साखळी ओढत नाही. खरं सांगायचं तर मी मूळचा सौंसरचा. आमच्याकडे तेव्हा छोटी लाइन होती आणि त्या छोट्या गाडीतून उतरून, लघवी करून, बोरं तोडून पुन्हा त्याच डब्यात चढलेली माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यामुळे वेग या विषयाबद्दल माझ्या मनात लहानपणापासूनच फार आदर नव्हता. तो उत्पन्न केला उत्तम सोमकुंवरनं.

गोष्ट एक्क्याऐंशीच्या फेब्रुवारीतली, जनगणनेची. जनगणनेत मास्तरला जी वस्ती मिळते तेच त्याच्याबद्दल वरच्यांचं मत, असं आमच्या शाळेत मानत. मराठीच्या सुधाकर मास्तरला बाजारपेठ मिळाली, दर दुकानी चहा. मला मिळाला तिगावच्या पुढचा घाट. पॅसेंजरनं तिगावपर्यंत गेलो, तिथं ओळखीतल्या एकाची सायकल घेतली आणि रजिस्टर कॅरिअरला बांधून तीन किलोमीटर चढ चढलो. चढाच्या शेवटी रेल्वेचं फाटक. बंद.

फाटकाजवळ खाकी कपड्यातला एक उंच, काटक माणूस हिरवी झेंडी काखेत धरून उभा होता. चाळिशीचा असेल. दोन्ही बाजूंना रूळ मोकळे पडले होते. गाडीचा पत्ता नाही.

"अहो, उघडा न," मी म्हणालो. "गाडी कुठं आहे?"

"येऊन राह्यली, गुरुजी."

मी गुरुजी आहे हे त्यानं कशावरून ओळखलं, कोण जाणे. सायकलवरून उतरून धापा टाकणाऱ्या माणसाच्या तोंडावर बहुधा ते लिहिलेलं असतं.

"मला तर ऐकूही येत नाही."

"वरच्या वळनावर शिटी झाली आताच. चार मिनिट."

"बरोबर चार?"

"हाव. चार मिनिटानं फाटक उघडतो."

गणिताच्या माणसाला कुणी असं सांगितलं की त्याचा हात घड्याळाकडे जातो. माझाही गेला. गाडी आली, इंजिन फाटकापाशी पोचलं आणि मी आनंदानं ओरडलो, "तीन मिनिटं चाळीस सेकंद! तुमचे वीस सेकंद चुकले!"

त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो झेंडी धरून गाडीकडे पाहत होता, एकेक डबा डोळ्यांनी मोजत असल्यासारखा. शेवटचा डबा गेला, त्याच्या पाठीवरची लाल पाटी गेली, तेव्हा कुठं तो वळला आणि चाक फिरवून फाटक उघडलं. मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं. काटा बाराव्या रेषेवर, जरा इकडे नाही, जरा तिकडे नाही.

मी तिथं किती वेळ उभा होतो ते मात्र मोजलं नाही.

"रजिस्टर काहाडा न," तो म्हणाला. "त्याच्याचसाठी आले न तुमी? जयभीम. उत्तम सोमकुंवर."

फाटकाशेजारी त्याची एका खोलीची चौकी होती. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली गाड्यांचं वेळापत्रक, त्याखाली एक आरसा. त्यानं मला खाटेवर बसवलं, स्टोव्हवर चहा ठेवला आणि मी विचारायला लागलो.

"घरात माणसं किती?"

"इथं? मी एकटा."

"लग्न?"

"झालं न. प्रमिला बायकोचं नाव. दोन पोरी, छाया आठवीत, प्रतिभा पाचवीत. सावरगावले राहतात, सासऱ्याच्या घरी. इथं शाळा नाही न आसपास." मग जरा थांबून म्हणाला, "त्याहिले इथं लिहिता येत नाही काय? येतात त्या इथून."

"राहायला?"

"नाही. जायले. प्रमिलाच्या मामाचं घर मुलताईले. सनासुदीले जातात. मले अगोदर सांगून ठेवते ती, कोनत्या डब्यात बसणार ते. मी झेंडी घेऊन उभा असतो, त्या खिडकीत असतात. त्या पळसाआडून डबा निंगते तिथून वळनावर जाते तिथवर. चढताना चौदा सेकंद भेटतात. उतरताना नऊच."

मी पेन थांबवलं.

"म्हनून त्या मामाकडे जातात तवा मले बरं वाटते," तो म्हणाला. "परत येतात तवा नाही." आणि स्वतःच हसला. "असा नवरा पाह्यला का कुठे?"

जनगणनेच्या तक्त्यात चौदा सेकंदांच्या माणसांसाठी रकाना नव्हता. मी 'एक' लिहिलं. ते लिहिताना मला सरकारपेक्षा स्वतःचीच जास्त लाज वाटली.

बारा-बारा तासांची पाळी, पंधरवड्यातून एखादा पुरा दिवस सावरगाव, असं नऊ वर्षं चाललं होतं. यातून सुटायचा एकच रस्ता होता, खात्याची परीक्षा. ती पास झाला तर पांढुर्ण्याच्या स्टेशनवर सांधेवाल्याची जागा आणि मागं दोन खोल्यांचं क्वार्टर. पोरींसाठी शाळा तिथून हाकेच्या अंतरावर. परीक्षा तीनदाच देता येते. तो दोनदा नापास झाला होता. उरलेली एक नोव्हेंबरात.

"कशात राहता?"

"गनितात. झेंड्या, सिग्नल, नियम, सारं पुरं. शेवटी तीन गनितं देतात गाडीची, अंतर अन् वेळ अन् वेग. दोन तरी बरोबर पाह्यजेत. माह्यी तिन्ही चुकतात. दोन्ही वेळा तिन्ही!"

आता सांगा, चार मिनिटं म्हणजे चार मिनिटं सांगणारा माणूस, आणि गाडीच्या गणितात तीनपैकी शून्य? मी म्हणालो, वही दाखवा. त्यानं ट्रंकेतून वही काढली. अक्षर ठसठशीत, प्रत्येक ओळ रुळासारखी सरळ. पहिलंच गणित: नव्वद किलोमीटर अंतर, ताशी पंचेचाळीस किलोमीटर वेग, किती वेळात पोचेल? नव्वद भागिले पंचेचाळीस, दोन. इथपर्यंत सगळं बरोबर. आणि उत्तराच्या जागी, दोन रेघा मारून: दोन तास चोवीस सेकंद.

मी पान उलटलं. पुढच्या गणितात छत्तीस सेकंद जास्त. त्यापुढे वीस. एकाही ठिकाणी कमी नाही. दर वेळी वेगळे, दर वेळी जास्त.

"उत्तमराव, हे चोवीस सेकंद कुठून आले?"

"शेवटचा डबा," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"इंजिन पोचलं म्हनून गाडी पोचली काय, गुरुजी? डाकगाडी तीनशे मीटर लांब. पंचेचाळीसच्या वेगानं तीनशे मीटर सरकाले चोवीस सेकंद लागतात. मांगची लाल पाटी आली तवा गाडी आली."

मी मनात हिशेब केला. पंचेचाळीसचे सेकंदाला साडेबारा मीटर, तीनशे भागिले साडेबारा. चोवीस. हे त्यानं कागदावर कुठंही केलेलं नव्हतं. ते त्याला माहीत होतं, जसं मला माझ्या घराच्या पायऱ्या किती ते माहीत आहे.

"अहो, पण पुस्तकातल्या गाडीला लांबी नसते. ती एक ठिपका असते, ठिपका."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुठल्यातरी मोठ्या माणसाची निंदा केली आहे.

"बारा डबे, मांगून ढकलाले दुसरं इंजिन, अन् ठिपका?"

मी दर रविवारी यायचं कबूल केलं. माझी बायको मालती म्हणाली, "आठवडाभर पोरांना शिकवता ते पुरत नाही वाटतं?" मी म्हणालो, मी शिकायला जातोय. तिला वाटलं मी नम्रपणा करतोय. बावीस वर्षांच्या संसारात मी नम्रपणा केलेला नाही, तरी तिला तसं वाटलं.

तर रविवार. तो खाटेच्या कडेला, मी मध्ये, वही दोघांच्या मध्ये. गणित रंगात आलं की गाडी यायची. तो पेन ठेवून उठायचा, फाटक लावायचा, झेंडी धरायचा, लाल पाटी जाऊ द्यायचा, उघडायचा, येऊन पुन्हा पेन उचलायचा आणि शेवटी चोवीस सेकंद मिळवायचा. मी खोडायचो. तो माफी मागायचा. पुढच्या गणितात पुन्हा मिळवायचा. पंधरा वर्षांत मला इतका शहाणा विद्यार्थी मिळाला नव्हता आणि इतका हट्टीही.

एका रविवारी मी वैतागलो. म्हणालो, "अहो, त्या मेल्या लाल पाटीला जरा विसरा की!"

फाटकापाशी एक मोटार थांबली होती. आपल्याकडे बसला मोटारच म्हणतात. तिचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ते नोका शिकवू, गुरुजी! ते शिकवाल तर लोकं मरतीन!"

हा रवींद्र. त्याची मोटार रोज त्या फाटकातून जायची आणि जाताना तो उत्तमला भोंगा वाजवून सलाम करायचा, हे मी पाहिलं होतं. का ते त्या दिवशी कळलं. खाली उतरून त्यानं बिडी पेटवली आणि सांगितलं.

"तीन साल झाले. माह्या मोटारीत वऱ्हाड. मुहूर्त टळून राह्यला. हे फाटक बंद. मालगाडी आली घाटातून, गेली. मी मोटार चालू केली, तं हा मानूस फाटकच उघडेना. म्हने, मांगची पाटी नाही दिसली. अरे, गाडी गेली न बे! सारे वऱ्हाडी खाली उतरले. काय काय नाही म्हनलं याले. नवरदेवाचा बाप तं अंगावर धावला. मीबी लय शिव्या देल्या, खोटं कायले बोलू. हा आपला चाक धरून उभा. म्हने, गाडी पुरी नाही झाली."

"मग?"

"मंग काय, चार मिनिटानं आले न मांगचे डबे! कडी तुटली होती वरती. अकरा डबे, इंजिन नाही, शिटी नाही, उतारानं आपले आपले गपगुमान येऊन राह्यले. आमच्या मोटारीसमोरून गेले. वऱ्हाडातल्या बायका मटकन खालीच बसल्या." रवींद्रनं बिडी विझवली. "तवापासून मी याले शिवी देत नाही. दुसऱ्या कोनाले देतो."

उत्तम तोवर फाटक उघडून आला होता. "कायले जुनं काहाडतं?" म्हणून त्यानं रवींद्रला हाकललं. पुढं खालच्या स्टेशनवर कळवून ते डबे उभे केले, कुणाला काही झालं नाही, एवढंच त्यानं सांगितलं आणि वही ओढली.

मी वहीकडे पाहिलं. ते चोवीस सेकंद. त्यांच्यावर मी लाल शाईची फुली मारली होती. एका अख्ख्या वऱ्हाडावर मारावी तशी.

पण परीक्षा तपासणाऱ्याला वऱ्हाड ठाऊक नसतं. त्याला दोन तास हवे असतात. मी काय करावं?

उत्तर मला मिळालं ते गाडीतच. त्याची सुट्टी होती, तो सावरगावला निघाला होता, मी परत. तिगावला आम्ही पॅसेंजरमध्ये बसलो. गाडी निघाली, वेग आला आणि उत्तम डोळे मिटून ओठ हलवायला लागला. मला वाटलं, वंदना म्हणतोय. थोड्या वेळानं डोळे उघडून म्हणाला, "बेचाळीस."

"काय बेचाळीस?"

"बेचाळीसनं चालून राह्यली गाडी."

"कशावरून?"

"खटके मोजायचे. रुळाचा जोड आला की खटक-खटक होते न? दोन चाकाचे दोन खटके, पन जोड एकच, म्हनून जोडीले एक मोजायचं. सत्तेचाळीस सेकंद मोजायचे. जेवढे जोड तेवढा ताशी वेग. आमचा म्हातारा मुकादम होता, श्रावणबुवा, रूळ दुरुस्तीच्या गँगमधला. अंगठाछाप मानूस. त्यानं शिकवलं. गार्डाले इचारून पाहा, खरं निंगते."

"पण सत्तेचाळीसच का?"

"ते त्यालेबी मालूम नव्हतं. म्हने, आहे तसं."

मी मोजलं. घड्याळात पाहत सत्तेचाळीस सेकंद. त्रेचाळीस जोड आले. वेग जरा वाढला असावा. पुन्हा मोजलं. मग मी विचारलं, रुळाचा एक तुकडा केवढा? "तेरा मीटर." आणि मी त्याची वही घेतली, मांडीवर ठेवली आणि हलत्या गाडीत लिहायला लागलो. अक्षर माझ्या पोरांसारखं आलं.

"हे पाहा. गाडीचा वेग आपल्याला माहीत नाही. त्याला म्हणू क्ष."

"जे मालूम नाही त्याले नाव द्याचं?"

"हो. नाव द्यायचं आणि माहीत असल्यासारखं त्याच्याशी वागायचं."

"म्हनजे अनोळखी मानसाले पयले बसाले खाट द्याची."

यापेक्षा बीजगणिताची चांगली व्याख्या मी कुठल्याही पुस्तकात वाचलेली नाही. मी पुढं लिहिलं. ताशी क्ष किलोमीटर म्हणजे तासाला एक हजार गुणिले क्ष मीटर. तेरानं भागलं की एका तासातले जोड. छत्तीसशेनं भागलं की एका सेकंदातले. आता किती सेकंद मोजले म्हणजे जोडांची संख्या बरोबर क्ष येईल? दोन्ही बाजूंना क्ष आला. मी इकडचा खोडला, तिकडचा खोडला.

"थांबा," उत्तम म्हणाला. "त्याले काहून उडवलं?"

"दोन्हीकडे आहे म्हणून. त्याची गरजच नाही."

"म्हनजे गाडी कोनत्याबी वेगानं असो?"

"कोणत्याही."

"मालगाडी असो, डाक असो?"

"कुठलीही. तेरा गुणिले छत्तीसशे भागिले हजार. सेहेचाळीस पूर्णांक आठ. म्हणजे सत्तेचाळीस सेकंद."

बाहेर संत्र्याचे बगीचे मागं जात होते, उत्तमचं लक्ष नव्हतं. तो खोडलेल्या त्या दोन क्षांकडे पाहत होता. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मी त्या माणसाला गाडीसमोर उभं राहताना कित्येकदा पाहिलं होतं, टोपी काढलेली कधी पाहिली नव्हती.

"खरं होतं मंग बुढ्याचं," तो हळूच म्हणाला. "जिंदगीभर खरं होतं. त्याले निस्तं मालूम नव्हतं की काहून खरं आहे." मग म्हणाला, "पन ते दोन दशांश कमी पडतात न?"

"ते श्रावणबुवांना माफ."

पंधरा वर्षं मी फळ्यावर दोन्हीकडचा क्ष खोडत होतो, हात झटकून खडू उडवत होतो. कधी एका पोरानं विचारलं नव्हतं की याला का उडवलं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. एका न शिकलेल्या म्हाताऱ्यानं रुळावर पाय घासत-घासत जे शोधलं, ते माझ्या तीन ओळींत मावलं होतं. यात मोठा कोण, तो की त्या तीन ओळी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पांढुर्णा आलं तेव्हा उत्तम उतरता-उतरता म्हणाला, "गुरुजी, तुमचा तो ठिपका म्हनजे इंजिनाचं नाक समजू काय?"

"समजा की!"

"मंग जमते. पुस्तकातली गाडी नाकानं पोचते, माह्यी शेपटानं पोचते. पयले इचारून घ्याचं, नाक की शेपूट."

त्या दिवसापासून चोवीस सेकंद बंद झाले. एखादं गणित वाचलं की तो मान वर करून विचारायचा, "नाक?" मी म्हणायचो, "नाक." आणि उत्तर बरोबर यायचं. त्याला त्यात सुख नव्हतं. गाडी अर्धवट सोडून दिल्यासारखा चेहरा करून तो दोन रेघा मारायचा.

नोव्हेंबरात परीक्षा झाली नागपूरला. आदल्या रविवारी मी बजावलं, "हिंदीत वेगाला चाल म्हणतील, घाबरू नका. आणि फक्त नाक. काहीही झालं तरी नाक!" तो हो म्हणाला. परीक्षा देऊन दुसऱ्या दिवशी तो सरळ माझ्या शाळेत आला. मधली सुट्टी होती. मी आणि सुधाकर मास्तर व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. उत्तमनं खिशातून प्रश्नपत्रिका काढली.

"पयलं, दोन गाड्या समोरासमोर. एकशे ऐंशी किलोमीटर, एक चाळीसनं, एक पन्नासनं. दोन तासानं भेटतात. नाकाले नाक."

"शाब्बास!"

"तिसरं, एकशे पस्तीस किलोमीटर, पंचेचाळीसनं. तीन तास लिहिलं." तो जमिनीकडे पाहायला लागला. "पन राहवलं नाही, गुरुजी. खाली टीप लिहिली. शेवटचा डबा यानंतर चोवीस सेकंदांनी पोचेल."

मी कपाळाला हात लावला. टीप वाचून तपासणारा गुण देईल की कापेल, देव जाणे. म्हणजे सगळं दुसऱ्या गणितावर आलं.

"दुसरं सांगा."

"पूल सहाशे मीटरचा. गाडी तीनशे मीटरची. वेग चोपन्न. पूल पार कराले किती वेळ?"

गणिताच्या मास्तरला तोंडी उत्तर देण्याचं व्यसन असतं. चोपन्नचे सेकंदाला पंधरा मीटर. सहाशे भागिले पंधरा. "चाळीस सेकंद!" मी म्हणालो. "तुम्ही काय लिहिलं?"

"साठ."

त्यानं प्रश्नपत्रिकेची घडी घातली, मग आणखी एक घातली, इतकी की ती तपकिरीच्या डबीएवढी झाली. "म्हनजे गेलं," म्हणाला. "छायाले सांगाले लागन." नळावर जाऊन पाणी प्यायला आणि परत आला. माझ्याशी वाद घालण्याची त्याची पद्धत नव्हती. गुरुजी चाळीस म्हणाले म्हणजे चाळीस.

पण तो निघेना. घडी हातात फिरवत उभा राहिला.

"गुरुजी, रागावू नोका. एक इचारू? चाळीस सेकंदानं नाक पुलाच्या बाहेर आलं. बरोबर?"

"बरोबर."

"तवा मांगची लाल पाटी कुठे आहे?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला तो पूल दिसला. नाक पुलाच्या काठावर, गाडी तीनशे मीटरची, पूल सहाशेचा. अख्खी गाडी पुलावर! पहिला डबा पुलावर, शेवटचा डबा पुलावर, गार्ड पुलावर. पार झालं होतं ते फक्त माझं उत्तर. सहाशे आणि तीनशे, नऊशे. भागिले पंधरा.

"साठ," मी म्हणालो. माझा आवाज माझ्याच पोरांपैकी एखाद्याचा असावा तसा आला.

सुधाकर मास्तरला गणित येत नाही, पण संधी ओळखता येते. तो म्हणाला, "म्हणजे पंधरा वर्षं पोरांना तू पुलावरच उतरवत होतास काय रे?"

मला राग आला नाही. मी उभा राहिलो होतो, का ते माझं मलाही कळलं नाही. प्रश्नपत्रिकेत लांबी दिली होती आणि मी ती ऐकूनही सोडून दिली होती. आठ महिने मी या माणसाच्या डोक्यातून शेपूट काढायला धडपडत होतो. काल नागपूरच्या त्या हॉलमध्ये त्याला माझी ताकीद आठवली असेल, काहीही झालं तरी नाक. तरी त्यानं गणित वाचलं, स्वतःला विचारलं आणि शेपूट लिहिलं. त्या वऱ्हाडासमोर उभा राहिला होता तसाच माझ्यासमोरही.

"पन मंग पास का?" उत्तम विचारत होता.

"पहिलं बरोबर, दुसरं बरोबर. दोन झाली. टीप गेली उडत!"

तो बाकावर बसला. घडी उलगडून प्रश्नपत्रिका मांडीवर सपाट करायला लागला, हातानं पुन्हा पुन्हा.

निकाल जानेवारीत लागला. तिन्ही बरोबर. टिपेबद्दल कुणी काही म्हटलं नाही. मला आपलं वाटतं, तपासणाराही कधी काळी फाटकावर उभा राहिलेला असावा. मार्चमध्ये उत्तम पांढुर्ण्याला आला आणि सावरगावहून सामान निघालं. दोन ट्रंका, एक शिलाईची मशीन, पोरींची दप्तरं. क्वार्टरमध्ये चहाला गेलो तेव्हा प्रमिलाबाई म्हणाल्या, "गुरुजी, पयले चौदा सेकंद दिसत होते तं गोड वाटत होते. आता दिवसभर घरात असतात, अन् चहाले किती मिनिटं लागले ते मोजतात."

मे महिन्यात मुलताईला त्यांच्या मामेभावाचं लग्न होतं. मला आणि मालतीला आग्रहाचं बोलावणं. आम्ही सगळे एकाच डब्यात. तिगाव सुटलं, मागचं इंजिन ढकलायला लागलं, गाडी घाट चढायला लागली आणि छाया-प्रतिभा सवयीनं खिडकीशी गेल्या. प्रमिलाबाईही सरकल्या. मग काय आठवलं कुणास ठाऊक, तिघींनी वळून उत्तमकडे पाहिलं आणि त्याला जागा करून दिली. एका खिडकीत चार डोकी.

"बाबा, आलं!"

पळसाचं झाड आधी आलं. मग चौकी, मग फाटक, आणि फाटकाशी हिरवी झेंडी धरून एक नवा पोरगेला माणूस. पोरींनी त्यालाच हात केला. तो गोंधळला, मग त्यानंही केला. मी मनात मोजत होतो. चौदाला फाटक मागं पडलं.

तिघी खिडकीतून आत आल्या. उत्तम नाही. तो छातीपर्यंत बाहेर वाकून मागं पाहत होता. वळणावर गाडी वाकली होती, शेपूट अजून फाटकापाशी यायचं होतं. पलीकडे एक बैलगाडी आणि दोन सायकलवाले थांबले होते, ओरडत असावेत.

"अहो, पडाल!" प्रमिलाबाई म्हणाल्या.

"थांब न," तो म्हणाला. "त्यानं अजून उघडलं नाही."

आम्ही थांबलो. डबे एकेक करून फाटकापुढून गेले. मग मागचं इंजिन गेलं आणि त्याच्या पाठीवरची लाल पाटी. तेव्हा कुठं फाटकाचा दांडा वर उठला.

उत्तम आत आला, बाकावर बसला आणि डोळ्यात गेलेला कोळसा पुसायला लागला.

"पोट्टा बरा आहे," तो म्हणाला.